विमान चौदा तासांचं, घर तीस तासांवर

"तिकडून यायला किती तास लागतात रे?" हा प्रश्न परदेशातल्या प्रत्येक मराठी माणसाला कुणी ना कुणी विचारलेला असतो. विचारणारी कधी मावशी असते, कधी शेजारचे काका, कधी नुकतंच लग्न ठरलेल्या मुलीचे वडील. न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडच्या मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं : "डायरेक्ट घेतलं तर चौदा-पंधरा तास." ऐकणाऱ्याला बरं वाटतं. रात्री बसलं की दुसऱ्या दिवशी घरी, असं त्याच्या मनात बसतं. सांगणाऱ्याच्याही मनात हळूहळू तेच बसत जातं.

उत्तर खोटं नाही. पण ते विमानाचं दार बंद झाल्यापासून पुन्हा उघडेपर्यंतचं उत्तर आहे. आपलं दार आणि आई-वडिलांचं दार यांतलं अंतर ते सांगत नाही. लग्न, मुंज, दिवाळी यांसाठी येताना हा फरक चालून जातो, कारण तारीख सहा महिने आधी ठरलेली असते. फोन रात्री अडीचला येतो तेव्हा तो चालत नाही. त्या वेळी बहुतेक घरांत जी धावपळ, जी चिडचिड आणि पुढे वर्षानुवर्षं टिकणारी जी खंत दिसते, तिचं मूळ या एका चुकीच्या आकड्यात आहे, असं माझं मत आहे. म्हणून हा हिशेब नीट मांडून पाहू.

आधी नकाशा. न्यूयॉर्क ते मुंबई हे सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. "सरळ" म्हणजे भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेघ नव्हे. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन शहरांवर दोरा ताणून धरा. हा दोरा अटलांटिक ओलांडून थेट आफ्रिकेकडे जात नाही. तो वर चढतो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून आइसलँडवरून जातो, नॉर्वे ओलांडतो, रशियात सेंट पीटर्सबर्गच्या जवळून खाली वळतो आणि कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तानातला सिंध असं करत मुंबईत उतरतो. मुलांना हे दाखवा, त्यांना मजा वाटते. आजीचं घर आइसलँडच्या वाटेवर आहे हे त्यांना खरं वाटत नाही.

आता या वाटेवरचे देश पुन्हा एकदा वाचा. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि रशियाचं आकाश अमेरिकी व युरोपीय कंपन्यांना बंद झालं. पाकिस्ताननं २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत आपलं आकाश बंद ठेवलं होतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर ते भारतीय कंपन्यांना पुन्हा बंद झालं. त्याचा मोठा फटका दिल्लीला बसला. तिथून अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावं लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये इराण आणि इस्रायलमध्ये क्षेपणास्त्रं सुटली, तेव्हा इराण-इराकवरची वाट बंद पडली आणि २३ जूनला कतारनंही काही तास आकाश बंद केलं. दोहामार्गे निघालेले प्रवासी वाटेत कुठे कुठे अडकले, ते त्या दिवसांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर आपण सगळ्यांनी वाचलं आहे.

म्हणजे १२,५०० हा आकडा गोलावरच्या दोऱ्याचा आहे. विमान कुठून जाणार, हे त्या आठवड्यात कोण कुणाशी भांडतंय यावर ठरतं. मुंबई दिल्लीपेक्षा सुदैवी, कारण तिच्यासमोर अरबी समुद्र मोकळा आहे. पण फेरा तिलाही चुकत नाही.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. उत्तर गोलार्धात नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. अमेरिकेहून भारताकडे येताना हा वारा विमानाला मागून ढकलतो, परत जाताना समोरून अडवतो. म्हणून येताना साधारण चौदा तास आणि जाताना सोळा किंवा त्याहूनही जास्त. याच वाऱ्यासाठी एअर इंडियानं २०१६ मध्ये दिल्लीहून सान फ्रान्सिस्कोला जाणारं विमान उलट्या दिशेनं, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट हजारभर किलोमीटरनं लांबली आणि वेळ मात्र कमी झाला. अंतर आणि वेळ हे दोन वेगळे हिशेब आहेत, याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

तिसरी गोष्ट घड्याळाची. भारत न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात साडेदहा तास पुढे आणि उन्हाळ्यात साडेनऊ. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं सरकतात, भारतातली नाहीत. या साडेदहा तासांमुळे एक विचित्र गोष्ट होते. तिकडची सकाळ ही इकडची आदली रात्र. भारतात डॉक्टर सकाळी राउंडला येऊन काही गंभीर सांगतात, तेव्हा न्यू जर्सीत रात्रीचे अकरा-बारा वाजलेले असतात, कंपनी बंद, ट्रॅव्हल एजंट झोपलेला. निर्णय घ्यायला सगळ्यात अवघड अशी ती वेळ.

थोडं मागे वळून पाहिलं तर आपण तक्रार करावी अशी परिस्थिती नाही. आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या त्या ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून. त्या न्यूयॉर्कला पोचल्या ४ जूनला. ५८ दिवस. सुवेझ कालवा १८६९ मध्ये सुरू झाला होता म्हणून इतके कमी, नाहीतर आफ्रिकेला वळसा होता. पुढे १९६० मध्ये एअर इंडियाचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कला जाऊ लागलं, लंडनला थांबत. २००७ मध्ये मुंबई-न्यूयॉर्क विनाथांबा विमान सुरू झालं. ५८ दिवसांचे झाले १४ तास.

पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्यानंतर हा आकडा कमी झालेला नाही. १९६० चं ७०७ जितक्या वेगानं उडायचं, जवळजवळ तितक्याच वेगानं, ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास, आजचं विमान उडतं. आवाजाहून वेगानं जाणारं काँकॉर्ड २००३ मध्ये बंद झालं आणि त्याच्या जागी दुसरं आलं नाही. म्हणजे हवेतले चौदा तास हे आपल्या हयातीत चौदाच राहणार, असं धरून चालावं. कमी करण्यासारखं जे काही आहे ते जमिनीवर आहे.

तर जमिनीवरचा हिशेब. एक कुटुंब एडिसनचं, आई-वडील कोल्हापूरचे. घरातून जेएफके विमानतळ, वाहतूक धरून दोन तास. उड्डाणाआधी तीन तास. विमान साडेचौदा तास. मुंबईत इमिग्रेशन, सामान, बाहेर येणं मिळून दीड तास. पुढे कोल्हापूर सुमारे ३८० किलोमीटर, घाटात अडकलं नाही तर साडेसात तास. बेरीज साडेअठ्ठावीस. हिवाळ्यात शुक्रवारी सकाळी नऊ वाजता घर सोडलं तर कोल्हापूरच्या दारात उभं राहायला शनिवारची मध्यरात्र उजाडते. आणि यात सगळं सुरळीत झालं असं धरलं आहे. तिकीट होतं, विमान वेळेवर सुटलं, सामान आलं, गाडीवाला बाहेर उभा होता.

दुबई, अबू धाबी किंवा युरोपमार्गे आलं तर यात चार ते आठ तास वाढवा. पण हे प्रत्येकाला लागू होत नाही, हेही सांगायला हवं. सावंतवाडीच्या माणसाला मुंबईचं विनाथांबा विमान म्हणजे पुढे पाचशे किलोमीटरचा रस्ता, आणि तो रस्ता म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग. त्याविषयी अधिक न बोललेलं बरं. त्यापेक्षा आखातातून थेट गोव्यात मोपाला उतरणारं विमान मिळालं तर घर तासाभरावर येतं. विदर्भातल्या माणसानं नागपूरला आखातातून थेट येणारी विमानं आधी पाहावीत. तिकिटाच्या साइटवर सगळ्यात कमी तासांचं विमान पहिलं दिसतं, पण साइटला आपलं गाव माहीत नसतं. विमानाचे तास जास्त आणि घराचे तास कमी, असं कित्येकदा होतं.

इथपर्यंतचा हिशेब ठरवून केलेल्या प्रवासाचा. आता रात्री अडीचच्या फोनकडे येऊ. माझ्या ओळखीतल्या घरांमध्ये गेल्या काही वर्षांत जे पाहिलं त्यावरून सांगतो, उशीर विमानामुळे फार थोड्यांना झाला. बहुतेकांना उशीर झाला तो विमानात बसण्याआधी.

पहिला उशीर बातमीचा. "तू उगाच काळजी करशील म्हणून सांगितलं नाही." हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही असा परदेशस्थ मराठी माणूस विरळाच. वडिलांना मंगळवारी दवाखान्यात हलवलं, बुधवारी आयसीयूत नेलं, आणि मुलाला गुरुवारी रात्री फोन केला. त्यामागे प्रेम असतं, शंका नाही. मुलाची नोकरी, नातवंडांची शाळा, तिकिटाचा खर्च, सगळ्यांचा विचार आई करत असते. पण मंगळवारी कळलं असतं तर मुलगा गुरुवारी पोचला असता. दोन दिवस लपवणं म्हणजे अंतर दुप्पट करणं. इकडच्या नातेवाइकांना, विशेषतः आमच्या आई-काकू-भावजयांना हात जोडून विनंती आहे की आमची काळजी वाढू द्या, पण वेळ आमच्याकडून काढून घेऊ नका. यायचं की थांबायचं ते आम्ही ठरवू.

दुसरा उशीर कागदांचा. यात तीन तऱ्हा आहेत. जे अमेरिकी नागरिक झाले आणि ज्यांच्याकडे ओसीआय कार्ड आहे, त्यांना भारतात यायला व्हिसा लागत नाही. पण हे कार्ड घरातल्या प्रत्येकाचं हवं. सोळा वर्षांखालच्या मुलांचा अमेरिकी पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तो संपला आहे हे विमानतळावर जायच्या आदल्या रात्री कळतं. मुलांचा पासपोर्ट नवा झाला की त्याची प्रत आणि नवा फोटो ओसीआयच्या पोर्टलवर चढवायचा असतो, तेही राहून जातं. ज्यांनी ओसीआय काढलंच नाही त्यांना ई-व्हिसा मिळतो, पण अर्ज करून उत्तराची वाट पाहण्यात जे दिवस जातात, ते अशा वेळी हातात नसतात.

दुसरी तऱ्हा एच-वनबीवर असलेल्यांची. यांचा भारतीय पासपोर्ट असतो, भारतात यायला अडचण नसते. अडचण परत जायची. अमेरिकेत राहण्याची मुदत वाढलेली असली तरी पासपोर्टमधला व्हिसा संपलेला असतो, आणि एकदा बाहेर पडलं की नव्या स्टॅम्पिंगशिवाय आत येता येत नाही. स्टॅम्पिंगची तारीख कधी मिळेल याचा भरवसा नाही. २०२५ च्या डिसेंबरात भारतातल्या अमेरिकी वकिलातींनी कित्येकांच्या ठरलेल्या मुलाखती एकदम काही महिने पुढे ढकलल्या. वडील गेल्याचं ऐकून आलेला मुलगा तिथेच अडकतो आणि इकडे बायको, मुलं, घराचे हप्ते. तिसरी तऱ्हा ग्रीन कार्डचा अर्ज अंतिम टप्प्यात असलेल्यांची. यांतल्या अनेकांना बाहेर पडण्याआधी ॲडव्हान्स पॅरोल नावाची परवानगी लागते. ती तातडीनं मागता येते, पण मागावी लागते, आणि एखाददोन दिवस तरी त्यात जातात.

अशा माणसाला भारतातून कुणी "तुला वडिलांपेक्षा नोकरी मोठी झाली का?" असं विचारलं की त्याला काय वाटत असेल, याचा विचार करा. त्याच्यासमोर १२,५०० किलोमीटर नसतात, परत न येता येण्याची शक्यता असते. हे अंतर कुठल्याच नकाशावर दिसत नाही, म्हणून घरच्यांना ते आधीच, शांतपणे सांगून ठेवलं पाहिजे. प्रसंगाच्या रात्री सांगितलं तर ते निमित्त वाटतं.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. माणूस गेल्यावर थांबायचं का?

आपल्याकडे मुलाची वाट पाहण्याची रीत आहे. मुलगा पुण्यात असेल आणि आई-वडील साताऱ्यात, तर चार-पाच तास थांबण्यात कुणाला काही वाटत नाही. पण तीच रीत आपण जशीच्या तशी न्यूयॉर्कला नेली. मुलगा निघालाय म्हणून शीतपेटी भाड्यानं आणायची, किंवा दवाखान्याच्या शवागारात ठेवायचं. घरात चूल पेटलेली नसते, पाहुण्यांची रांग लागलेली असते, आणि पंच्याहत्तर-ऐंशी वर्षांची बाई दोन दिवस, कधी अडीच दिवस, त्याच सतरंजीवर बसून असते. सगळे फोनवर विचारत असतात, "कुठवर आला?" विमान कुठवर आलं ते ॲपवर दिसतं. त्या बाईचं काय चाललंय ते कुठल्याच ॲपवर दिसत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. पोचायला एक दिवसाहून जास्त लागणार असेल तर थांबू नये. जवळ जो आहे त्यानं अग्नी द्यावा. मुलीनं द्यावा, सुनेनं द्यावा, पुतण्यानं द्यावा, रोज औषधं आणून देणाऱ्या शेजाऱ्यानं दिला तरी त्याचा हक्क कमी नाही. महाराष्ट्रात मुली अग्नी देतात ही आता नवलाची बातमी राहिलेली नाही. देहाला थांबता येत नाही, अस्थींना येतं. अस्थी विसर्जनाला, दहाव्याला, तेराव्याला मुलगा आरामात पोचतो. आणि खरं सांगायचं तर आईला मुलाची गरज दहाव्यानंतर जास्त असते, जेव्हा पाहुणे निघून गेलेले असतात आणि बँकेत, तलाठ्याकडे, पेन्शनच्या कचेरीत फेऱ्या सुरू होतात. अंत्यविधीला पोचून पाचव्या दिवशी परत फिरण्यापेक्षा, तीन दिवस उशिरा येऊन तीन आठवडे राहणारा मुलगा घराच्या जास्त उपयोगाचा.

यावर लोक म्हणतात, शेवटचं दर्शन झालं नाही तर मनाला लागून राहतं. लागतं, हे मी नाकारत नाही. चेहरा पाहिल्याशिवाय माणूस गेला हे मन मानत नाही, असं ज्यांच्यावर वेळ आली त्यांनी सांगितलेलं मी ऐकलं आहे. व्हिडिओ कॉलवर अंत्यविधी पाहणं हा त्यावर उतारा आहे असंही मी म्हणणार नाही. काहींना त्यानं आधार वाटतो, काहींना ते दृश्य नंतर झोपू देत नाही. पण कोकणातल्या मुसलमान घरांकडे पाहा. त्यांच्यात दफन शक्यतो लवकर, बहुधा त्याच दिवशी करतात. मुलगा दुबईत, विमानानं तीन तासांवर असतो, तरी कित्येकदा पोचत नाही. त्या घरांतला जिव्हाळा काही कमी नाही. त्यांनी एवढंच केलं आहे की कुणासाठी थांबायचं नाही हे आधीपासून ठरलेलं आहे, त्यामुळे न पोचलेल्या मुलावर ठपका येत नाही. आपल्याकडे ते ठरलेलं नाही, म्हणून प्रत्येक घरात त्या रात्री वाद होतो. थांबा म्हणणारा एक मामा असतो, उरका म्हणणारा एक काका असतो, आणि दोघांचं बोलणं पुढे वीस वर्षं कुणीतरी लक्षात ठेवतं.

म्हणून हे ठरवण्याचा अधिकार ज्यांचा आहे त्यांनीच ठरवावं, म्हणजे आई-वडिलांनी, हिंडते-फिरते असताना. विषय काढायला जीभ रेटत नाही हे खरं. पण माझा अनुभव असा की आपण समजतो त्यापेक्षा ही पिढी या बाबतीत मोकळी असते. देहदानाचा फॉर्म भरून ठेवलेले, कपाटाच्या कोणत्या कप्प्यात काय आहे ते लिहून ठेवलेले आजी-आजोबा आपल्या ओळखीत असतातच. अडखळतो ते आपण. त्यांनी एका कागदावर "माझ्यासाठी कुणाला थांबवू नका" किंवा "धाकट्याची वाट पाहा" असं लिहून सही केली, तर मामा-काकांचा प्रश्न मिटतो. त्यांनी वाट पाहा असं लिहिलं असेल तर पाहावी, माझं मत बाजूला ठेवून.

आणि मग यातून निघणारी खरी गोष्ट : तिकीट जिवंत माणसासाठी काढावं. अमेरिकेतल्या कायद्यातही हा भेद आहे, गंमत म्हणजे आपल्या सोयीचा. पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या कंपनीत वर्षभर काम केलेल्याला, अटी पुऱ्या होत असतील तर, गंभीर आजारी आई-वडिलांच्या शुश्रूषेसाठी वर्षाला १२ आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा मागता येते, आणि आई-वडील अमेरिकेतच असले पाहिजेत असं बंधन नाही. माणूस गेल्यावर मात्र त्या कायद्यात एक दिवसही नाही. कंपनी देईल तेवढेच तीन-पाच दिवस. तरीही आपण काय करतो? आजारपणात "आता स्टेबल आहेत ना, मग डिसेंबरात येतो" म्हणून रजा साठवतो, आणि ती साठवलेली रजा स्मशानातून परतल्यावर वापरतो. ही रजा पगाराविना असते, प्रत्येकाला परवडेल असं नाही, हे मान्य. पण ज्यांना परवडते त्यांतल्या कित्येकांना ती आहे हेच माहीत नसतं.

"मग आई-वडिलांनाच इकडे का आणत नाही?" असंही विचारलं जातं. ज्यांना जमतं त्यांनी जरूर आणावं. पण समोरून वारा घेत सोळा तास बसणं ऐंशीच्या माणसाला सोपं नाही. इथल्या दवाखान्याची बिलं पाहुण्यांच्या विम्यात किती बसतात हे ज्यानं एकदा अनुभवलं तो दुसऱ्यांदा विचार करतो. शिवाय कोल्हापूरच्या पेठेत उभा जन्म गेलेल्या माणसाला जानेवारीतल्या न्यू जर्सीत खिडकीशी बसवून ठेवण्यात कुणाचं भलं होतं, हाही प्रश्न आहेच. ते आले तर पाहुणे म्हणून, त्यांच्या मर्जीनं, आणि शक्यतो विनाथांबा विमानानं, व्हीलचेअर आधी सांगून. इथे चार पैसे वाचवायला मधल्या विमानतळावर त्यांना सहा तास बसवू नये.

तर काय करावं? फार काही नाही. एका कागदावर आपल्या घरापासून त्यांच्या दारापर्यंतचा हिशेब मांडा. लंडनचे असाल तर तुमचा, सिडनीचे असाल तर तुमचा, दुबईचे असाल तर तुमचा. दुबईवाल्यांनो, विमान तीन तासांचं असलं तरी पुढचं चिपळूण किंवा उदगीर किती तासांवर आहे ते धरायला विसरू नका. दोन वेगळ्या वाटा लिहून ठेवा, कारण एक आकाश बंद पडलं तर दुसरी लागेल. घरातल्या प्रत्येकाच्या पासपोर्टची, ओसीआयची, व्हिसाची मुदत त्याच कागदावर लिहा आणि वर्षातून दोनदा, घड्याळं सरकतात त्या रविवारी, तो कागद काढून पाहा. एका तिकिटापुरते पैसे बाजूला ठेवा, ज्यांना हात लावायचा नाही. गावातल्या एका माणसाला, भाऊ असो, मित्र असो, शेजारी असो, स्पष्ट सांगून ठेवा की पहिला फोन त्यानं करायचा, वेळ न बघता, आणि काही न लपवता.

आणि हा कागद आई-वडिलांनाही दाखवा. त्यांना तीस तास हा आकडा कळू द्या. चौदा तास ऐकून ज्यांनी मनाशी काही धरून ठेवलं असेल, त्यांना तो थोडा टोचेल. पण मग तेही मंगळवारीच फोन करतील, गुरुवारपर्यंत थांबणार नाहीत. विमानाचा वेग आपल्या हातात नाही, पाकिस्तानचं आकाश आपल्या हातात नाही, वकिलातीची तारीखही नाही. हे दोन दिवस मात्र आपल्या हातात आहेत, आणि बहुतेक घरांत तेवढेच कमी पडतात.